थिअरम पाठ आहे, पण गणित सुटत नाही

प्रश्न : मॅडम, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव राधानगरी तालुक्यात, शिकायला कोल्हापुरात वसतिगृहावर राहते. बारावीला गणितात ९४ मार्क होते, म्हणून मुख्य विषय गणित घेतला. आता रिअल ॲनालिसिसच्या अंतर्गत परीक्षेत ३० पैकी ८ पडलेत. रोज तीन तास अभ्यास करते. प्रत्येक थिअरम पाच-पाच वेळा लिहून काढते. परीक्षेच्या आदल्या रात्री दोनपर्यंत जागले. पेपरात ‘क्ष³ + क्ष − १ = ० या समीकरणाला नेमकं एकच वास्तव मूळ आहे हे दाखवा’ असा प्रश्न होता. मी रोलचा थिअरम सिद्धतेसकट पानभर लिहिला, तरी एकही मार्क मिळाला नाही. मैत्रिणी म्हणतात, गणिताला मुळात डोकं लागतं. बाबांची इच्छा आहे की मी एम.एस्सी., बी.एड. करून शिक्षिका व्हावं. मी विषय बदलू का?
एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर :

तुझ्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तू जाता जाता लिहून गेली आहेस. रोलचा थिअरम तुला सिद्धतेसकट पानभर आठवला, पण तो समोरच्या समीकरणाला कुठे लावायचा हे सुचलं नाही. म्हणजे तुझी स्मरणशक्ती चांगली आहे आणि कष्टाची तयारीही आहे. अभ्यासाची रीत मात्र बारावीची राहिली आणि विषय बारावीचा राहिला नाही. डोकं आहे की नाही, हा प्रश्न सध्या बाजूला ठेव. ३० मार्कांच्या एका पेपरावरून त्याचं उत्तर मिळत नसतं.

बारावीला, आणि त्याहून जास्त सीईटीला, गणित बघितलं की ते कोणत्या प्रकारातलं हे ओळखायचं, सूत्र आठवायचं, किमती घालायच्या आणि वेळेत उत्तर काढायचं, एवढं जमलं की मार्क पडतात. ते कौशल्य खोटं नाही, पुढेही उपयोगी पडतं. पण ॲनालिसिसचा पेपर दुसरंच विचारतो. हे विधान खरं कशावरून? ही अट कशाला? ती नसती तर काय बिघडलं असतं? हे प्रश्न स्वतःला विचारायची सवय लागेपर्यंत पाच वेळा लिहिलेला थिअरम वहीतच राहतो.

तुझ्याच प्रश्नापासून सुरुवात करू. फ(क्ष) = क्ष³ + क्ष − १ हे फंक्शन घे. ‘नेमकं एकच मूळ’ या शब्दांत दोन मागण्या आहेत : निदान एक मूळ आहे, आणि एकाहून जास्त नाहीत. त्या आधी वेगळ्या कर. शून्याला फंक्शनची किंमत −१ येते, एकला +१ येते. फंक्शन सतत आहे, म्हणजे त्याचा आलेख मधे कुठे तुटत नाही, म्हणून ० आणि १ यांच्यामध्ये कुठेतरी ते शून्य झालंच पाहिजे. पहिली मागणी संपली. आता समज, दोन वेगवेगळी मुळं आहेत. दोन्ही ठिकाणी किंमत शून्य, म्हणजे सारखीच. तर रोल म्हणतो की त्यांच्या मधल्या एखाद्या बिंदूला डेरिव्हेटिव्ह, म्हणजे आलेखाचा तिथला चढ, शून्य असला पाहिजे. पण इथे डेरिव्हेटिव्ह आहे ३क्ष² + १, आणि तो कधी एकपेक्षा खाली येतच नाही. विसंगती आली, म्हणून दुसरं मूळ नाही. सगळं उत्तर सहा-सात ओळींचं. त्यात रोलच्या थिअरमची सिद्धता लागत नाही, तो वापरता यावा लागतो. तुझ्या सरांनी मार्क दिले नाहीत याचं मला वाईट वाटतं, तू एवढं लिहिलं होतंस. पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्या पानावर नव्हतं, हेही खरं.

मग थिअरम वापरता कसा येतो? माझा अनुभव असा की तो मोडायचा प्रयत्न केल्यावर येतो. रोलला तीन अटी आहेत : बंद मध्यांतरावर, म्हणजे दोन्ही टोकं धरून, फंक्शन सतत हवं, आतल्या प्रत्येक बिंदूला डेरिव्हेटिव्ह हवा, आणि दोन्ही टोकांना किंमत सारखी हवी. एका कोऱ्या पानावर या तीन अटी लिही आणि एकेक अट काढून बघ. टोकांच्या किमती सारख्या नकोत म्हटलं तर फ(क्ष) = क्ष घेता येतं, आणि त्याचा डेरिव्हेटिव्ह सगळीकडे १ आहे. डेरिव्हेटिव्हची अट काढली तर −१ ते १ मध्ये क्षचं केवळ मूल्य घे. टोकांना किंमत सारखी, फंक्शन सतत, पण शून्यापाशी कोपरा आहे आणि डेरिव्हेटिव्ह शून्य असलेला बिंदू कुठेच नाही. सातत्याची अट फक्त एका टोकाला मोडली तरी पुरते : ० पासून १ च्या अलीकडेपर्यंत फ(क्ष) = क्ष आणि नेमक्या १ ला किंमत ०. दोन्ही टोकांना शून्य, आत सगळीकडे डेरिव्हेटिव्ह १. हे तीन आलेख हाताने काढलेस की रोलच्या अटी तुला पाठ कराव्या लागणार नाहीत. कोणती अट कशासाठी उभी आहे हे दिसेल, आणि परीक्षेत समीकरण समोर आलं की ‘इथे दोन ठिकाणी किंमत सारखी आहे’ हे डोळ्यांत भरेल.

मिशेल रोलने हे १६९१ साली मांडलं तेव्हा ते फक्त बहुपदींपुरतं होतं. आज आपण ज्या रूपात शिकतो ते पुढच्या पिढ्यांनी अटी घासून-पुसून तयार केलं. तू कोऱ्या पानावर जे करशील ते त्याच जातीचं काम आहे.

आता व्याख्या. माझ्याकडे आलेल्या बहुतेक मुलांचा घोटाळा थिअरममध्ये नसायचा, त्याच्या आधीच्या व्याख्येत असायचा. तुमच्या अभ्यासक्रमात सातत्य आहे आणि एकसमान सातत्यही आहे. दोन्ही व्याख्यांत तेच एप्सिलॉन (फंक्शनच्या किमतीत चालेल एवढा फरक), तेच डेल्टा (तो फरक सांभाळायला क्षने बिंदूच्या किती जवळ राहायचं ते अंतर), शब्दही जवळजवळ तेच. फक्त क्रम बदलतो, आणि पाच वेळा लिहून काढताना हात तो क्रम बघतच नाही. तुमच्या वसतिगृहातल्या प्रत्येक खोलीच्या कुलपाला किल्ली आहे, हे एक विधान. अशी एक किल्ली आहे जिने प्रत्येक खोलीचं कुलूप उघडतं, हे दुसरं. सातत्य पहिल्यासारखं आहे : एप्सिलॉन दिला की प्रत्येक बिंदूला त्याचा त्याचा डेल्टा. एकसमान सातत्य दुसऱ्यासारखं : एप्सिलॉन दिला की सगळ्या बिंदूंना मिळून एकच डेल्टा. आता हे आकड्यांत करून बघ. फंक्शन क्ष², एप्सिलॉन १. क्ष = १ पाशी ०.४ एवढा डेल्टा चालतो. क्ष = १०० पाशी ०.००५ सुद्धा जास्त होतो, ०.००४ लागतो. पुढे हजारपाशी काय होईल ते तूच काढ. सगळ्या वास्तव संख्यांना पुरेल असा एक डेल्टा का मिळणार नाही, हे तुला व्याख्येचं पान न उघडता सांगता येईल.

आणि हा क्रम निसटला म्हणून स्वतःला कमी लेखू नकोस. १८२१ साली कोशीसारख्या गणितज्ञाने असं लिहिलं की सतत फंक्शनांची श्रेणी अभिसारी असेल, म्हणजे एकेक पद मिळवत गेलं की बेरीज एका ठरावीक किमतीकडे जात असेल, तर तिची बेरीजही सततच असते. १८२६ साली आबेल या गणितज्ञाने तसं नसलेलं उदाहरण दाखवलं. कोशीच्या विधानात जी अट कमी पडत होती, तिलाच आज आपण एकसमान अभिसरण म्हणतो. प्रत्येक बिंदूचा वेगळा आकडा की सगळ्यांचा मिळून एक, हाच तो फरक. न्यूटन आणि लायब्निझ यांनी कॅलक्युलस उभं केलं सतराव्या शतकात, आणि लिमिटची आजची काटेकोर व्याख्या बसली एकोणिसाव्या शतकात, वायरश्ट्रास या जर्मन गणितज्ञाच्या काळात. एवढा काळ ज्याला लागला ते तुला एका सत्रात पहिल्याच वाचनात उमगलं नाही, तर त्यात नवल काय?

पाच वेळा लिहून काढणं मात्र आजपासून बंद कर. वही उघडी ठेवून लिहिताना समोरचं सगळं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं म्हणजे आलं, असा भास होतो. त्याऐवजी थिअरम एकदा सावकाश वाच, वही मिट, आणि कोऱ्या कागदावर आधी नुसतं विधान लिही, अटींसकट. मग सिद्धतेचा सांगाडा दोन-तीन वाक्यांत, साध्या मराठीत. रोलसाठी तो एवढाच : फंक्शन बंद मध्यांतरावर सतत आहे म्हणून त्याची सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान किंमत कुठेतरी गाठली जाते, त्यातली एखादी आत गाठली गेली तर तिथे डेरिव्हेटिव्ह शून्य, दोन्ही टोकांनाच गाठल्या तर फंक्शन स्थिर आहे आणि डेरिव्हेटिव्ह सगळीकडेच शून्य. सांगाडा हातात असला की मधल्या ओळी तू स्वतः भरशील. जिथे अडशील तिथे खूण कर, आणि वही उघडून तेवढीच ओळ बघ. दुसऱ्या दिवशी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. सुरुवातीला हे फार त्रासाचं वाटतं, कारण आपल्याला काय येत नाही ते दर दोन मिनिटांनी समोर येतं. पण ते परीक्षेच्या हॉलमध्ये समोर येण्यापेक्षा खोलीत आलेलं बरं.

सोडवलेली उदाहरणंही अशीच वाच. उत्तरावर कागद ठेव, पहिली ओळ स्वतः लिहून बघ, मग कागद एक ओळ खाली सरकव. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट बघायला मिळतात, चांगली आहेत, जरूर बघ. मात्र व्हिडिओ थांबवून पुढची ओळ आधी आपण लिहायची. शिकवणारा हुशार असला की बघताना सगळं कळतं आणि बंद केल्यावर हातात काही राहत नाही.

सरावाबद्दल एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे, कारण आपल्याकडे ती जवळजवळ कुणीच करत नाही. एका धड्याची सगळी गणितं एका बैठकीत संपवू नकोस. २००७ साली दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठातल्या डग रोहरर आणि केली टेलर यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. काहींनी एका प्रकारची गणितं संपवून दुसऱ्या प्रकाराची घेतली, काहींना सगळे प्रकार मिसळून दिले. सराव करताना पहिल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळून करणाऱ्यांची ६०. आठवड्यानंतर परीक्षा घेतली तेव्हा पहिल्यांची २० टक्के बरोबर, दुसऱ्यांची ६३. कारण विचार केला की कळतं. रोलच्या धड्याखालची दहा गणितं ओळीने करताना ‘इथे रोल लावायचा’ हे धड्याच्या नावानेच सांगितलेलं असतं. पेपरात ते कुणी सांगत नाही, आणि नेमकं तेच तुझं चुकलं. म्हणून आठवड्यातून दोनदा स्वतःचा पेपर काढ : जुन्या प्रश्नपत्रिकांतले आणि मागच्या धड्यांतले सहा प्रश्न, वेगवेगळ्या जागचे. सोडवण्याआधी प्रत्येकासमोर एकच ओळ लिही, मी काय वापरणार आणि का. कधीकधी सहाच्या सहा न सोडवता नुसत्या त्या ओळी लिहिल्यास तरी चालेल.

न सुटणारा प्रश्न समोर ठेवून बसायची सवयही लागते. डॉ. जयंत नारळीकर आपल्या कोल्हापुरात जन्मले, १९३८ साली. ते लहानाचे मोठे झाले बनारसला, वडील तिथे विद्यापीठात गणित शिकवायचे. त्यांचे मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, त्यांच्या घरी राहून गणितात एम.एस्सी. करत होते. ते घरातल्या फळ्यावर छोट्या जयंतासाठी एखादं अवघड गणित लिहून ठेवत. ते सुटेपर्यंत किंवा मुलाने हार मान्य करेपर्यंत फळ्यावर तसंच राहायचं. यातली मला आवडणारी गोष्ट अशी की उत्तराची घाई कुणी केली नाही. येता-जाता ते गणित दिसत राहिलं. तुझ्या कॉटशेजारच्या भिंतीवर एक कागद चिकटव आणि त्यावर आठवड्याचं एकच गणित लिही. रोजच्या गणितांना मात्र मर्यादा घाल. अर्धा तास प्रामाणिकपणे झटापट केल्यावर, दोन वाटा करून बघितल्यावर, उत्तराची पहिली ओळ बघायला हरकत नाही. तीन तास एकाच ओळीशी डोकं आपटणं हाही अभ्यास नव्हे.

कोल्हापुरात अभ्यासिका चिक्कार आहेत, शांतताही चांगली असते. पण त्या शांततेत गणिताचं निम्मंच काम होतं, कारण ॲनालिसिस बोलून दाखवावं लागतं. संध्याकाळी एखाद्या मैत्रिणीला घेऊन रंकाळ्यावर जा, टाऊन हॉलच्या बागेत जा, नाहीतर विद्यापीठाच्या आवारात एखाद्या झाडाखाली बसा. एकीने व्याख्या सांगायची, दुसरीने ‘का?’ विचारायचं. बोलणं सरळ आपल्या मराठीत, कोल्हापुरी टोनमध्ये झालं तरी चालेल. उत्तर इंग्रजीत लिहायचं असतं म्हणून विचारही इंग्रजीत करायचा, हा अट्टहास कशाला? आधी विचार पक्का होऊ दे, मग तो पुस्तकातल्या ठरावीक वाक्यात बसवायला वेळ लागत नाही. कुणी सोबत नसेल तर शनिवारी गावाकडे जाताना एसटीत बसल्या बसल्या आठवड्यातल्या व्याख्या मनात म्हण. जी अडेल ती घरी पोचल्यावर बघ.

सरांकडे जा. तुझा तपासलेला पेपर मागून घे आणि गेलेल्या प्रत्येक मार्कासमोर कारण लिही : व्याख्या चुकली, अट तपासली नाही, आकडेमोड चुकली, की सुरुवातच सुचली नाही. मला वाटतं, तुझ्या पेपरात शेवटचं कारण सर्वांत जास्त वेळा येईल. ‘सर, मला काहीच कळलं नाही’ असं म्हणत गेलीस तर सर पुन्हा तेच शिकवतील. ‘इथपर्यंत आले, ही ओळ का आली ते कळत नाही’ असं म्हणून स्वतःचा कागद पुढे केलास तर पाच मिनिटांत काम होईल. बहुतेक शिक्षकांना असा कागद घेऊन आलेली मुलगी फार आवडते, हे मी शिक्षिका म्हणून खात्रीने सांगते.

तासांचं म्हणशील तर तीन तास पुरेसे आहेत, वही मिटून केलेले असतील तर. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री झोप. जागून सूत्रं डोक्यात राहतील एक वेळ, पण नवा प्रश्न बघून वाट सुचायला ताजं डोकं लागतं.

आता विषय बदलण्याबद्दल. आत्ता, या मार्कांकडे बघून ठरवू नकोस. एक धडा निवड, आणि तो वर सांगितलं तसा पूर्ण कर. व्याख्या, मोडून बघितलेल्या अटी, वही मिटून लिहिलेल्या सिद्धता, मिसळलेली गणितं, सगळं. मग स्वतःला विचार की हे काम करताना मला बरं वाटतं का. मार्क वाढले का, हे नंतर. काम कळूनही नकोसं वाटलं तर विषय बदलण्यात काही कमीपणा नाही, बी.एड. करून शिक्षिका होण्याची वाट इतर विषयांतूनही जाते, आणि बाबांना ते नीट सांगता येईल. पण काम आवडलं आणि मार्क अजून कमीच राहिले, तर मात्र गणित सोडू नकोस. मार्क मागून येतात, फक्त ते यायला एखादं सत्र जास्त लागतं.

भिंतीवरच्या कागदासाठी पहिलं गणित मी देते. क्ष³ − ३क्ष + क = ० हे समीकरण घे, क ही कोणतीही वास्तव संख्या. दाखव की −१ ते १ या बंद मध्यांतरात या समीकरणाला दोन वेगवेगळी मुळं असूच शकत नाहीत, क काहीही असो. इथे डेरिव्हेटिव्ह शून्य होतो, आणि तो नेमका −१ आणि १ लाच होतो, म्हणून मागची ओळ जशीच्या तशी उतरवून चालणार नाही. रोल जो बिंदू देतो तो कुठे असतो, टोकं धरून की टोकं सोडून, एवढं बघ. सुटलं की उत्तर मला पाठव, खोडाखोड असेल तर तीही राहू दे.